पाट, खुर्ची आणि न्हाणीघरातली दांडी

साठी ओलांडलेल्या माणसाच्या घरातले बदल गाजावाजा न करता होतात. विळी फळीवर जाते आणि ओट्यावर चॉपिंग बोर्ड येतो. पाट माळ्यावर चढतात, संडासात कमोड बसतो. प्रत्येक बदल सोयीचा असतो, आणि त्याबरोबर शरीराचे एकेक रोजचे कामही सुटते. मग सोय आधीच करून ठेवावी, की शरीर मागेल तेव्हा? पूर्वपक्ष ७२ वर्षांच्या ताईचा आणि उत्तरपक्ष तिच्या धाकट्या भावाचा, असे धरून हा पेच मांडता येतो.

ताई : अरे, मी अजून मांडी घालून जेवते. टेबल आणलं की सहा महिन्यांत खाली बसणं संपलंच समज.

भाऊ : पण ताई, उठताना तू कपाटाला धरतेस. ते भिंतीला ठोकलेलंसुद्धा नाही.

ताईचे म्हणणे नुसत्या हट्टाचे नाही. स्नायू तिशी-चाळिशीनंतर घटू लागतात, साठीनंतर तो वेग वाढतो, आणि ताकद तर आकारापेक्षाही लवकर कमी होते. जमिनीवरून उठताना मांड्या, कंबर, पोट आणि तोल या सगळ्यांचा एकदम कस लागतो. ब्राझीलचे डॉक्टर क्लॉडिओ जिल अराउजो यांनी याच क्रियेची चाचणी केली : बसण्याचे ५ गुण, उठण्याचे ५, हात किंवा गुडघा टेकला की एक गुण वजा, तोल डगमगला तर अर्धा. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ५१ ते ८० वयाचे २,००२ जण होते. कमी गुण मिळालेल्यांत पुढच्या काही वर्षांतले मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले. अर्थात, खाली बसल्याने आयुष्य वाढते असे त्यावरून सिद्ध होत नाही. आधीच खंगलेल्या शरीरालाही कमीच गुण मिळणार. हा फरक ताई विसरते, आणि ही चाचणी व्हॉट्सॲपवर पुढे ढकलणारेही.

भाऊ : आणि गुडघे झिजले असतील तर?

ताई : दुखले की खुर्ची घेईन. दुखायच्या आधी कशाला?

न्हाणीघरात मात्र ताईचा पक्ष टिकत नाही. ओली फरशी, साबण, आतून लावलेली कडी. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडे झपाट्याने ठिसूळ होत जातात, आणि खुब्याचे हाड एकदा मोडले की पूर्वीचे चालणे पुष्कळांना परत मिळत नाही. इथे लागते ती भिंतीत पक्की बसवलेली, मुठीत मावेल अशी दांडी. टॉवेलची दांडी त्या कामाची नाही. पूर्ण वजन पडले तर ती स्क्रूसकट हातात येते. कडी बाहेरूनही उघडेल अशी हवी. दिव्याचेही तसेच : वयाबरोबर बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होते, आणि साठीच्या डोळ्यात विशीच्या मानाने जेमतेम तिसरा हिस्सा प्रकाश पडद्यापर्यंत पोचतो. दांडीने किंवा दिव्याने कोणी दुबळे होत नाही, शरीराचे कोणतेही काम ती हिरावून घेत नाहीत. म्हणून खुर्चीबद्दलची शंका त्यांना लागू पडत नाही.

ताई : दांडी लाव. पाट मात्र राहू दे.

भाऊ : राहू दे, पण भिंतीशी. आणि उठताना धरायला न हलणारं काहीतरी हवं.

इथवर तडजोड सोपी आहे. अवघड भाग पुढचा, कारण बदल बहुधा दुसराच कोणीतरी करतो. परदेशातला मुलगा दोन आठवड्यांच्या रजेवर येतो आणि तेवढ्यात सगळे उरकतो : नवा पलंग, कमोड, हलवलेली बटणे, खालच्या कप्प्यात आलेल्या बरण्या. हेतू चांगला, पण म्हातारे माणूस अंधारात घरात वावरते ते डोळ्यांपेक्षा हाताच्या सवयीवर. पलंगाची बाजू बदलली की रात्री उठल्यावर पाय जुन्याच दिशेला वळतो. एका वेळी एकच बदल, तोही त्या माणसाला विचारून, हे मायेचे कमी आणि सुरक्षिततेचे जास्त आहे. शिवाय लाज असते.

ताई : दारात वॉकर दिसला की येणारा आधी तब्येत विचारतो. गप्पा राहतातच.

भाऊ : ते खरं. पण जिन्याचं काय?

जिन्याला दांडीचा तोडगा पुरत नाही. बिनलिफ्टच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला रोज व्यायाम घडतो, हे ताई अभिमानाने सांगते. दुखरा गुडघा मात्र चढण्यापेक्षा उतरताना जास्त कुरकुरतो, आणि उतरणे थांबले की भाजी, देऊळ, कट्टा सगळेच थांबते. लिफ्टसाठी जागा हवी, सोसायटीची संमती हवी, पैसे हवेत. खालच्या मजल्यावरचे सभासद खर्चाला सहजी तयार होत नाहीत. घर बदलावे तर चाळीस वर्षांचा शेजार सुटतो. भावाचे म्हणणे असे, की हा निर्णय जिना चढता येतो तोवरच घ्यावा, कारण नव्या जागी ओळखी करायलाही पायांत बळ लागते. ताईला ते पटते, तरी शेजारीण आहे तोवर ती हलायला तयार नाही.