रुपयाही आपला, हळदही आपली

पत्रकारितेच्या पदवीला शेवटी एक विषय स्पेशल घ्यावा लागतो. वार्तांकन, संपादन, जाहिरात, टीव्ही, यातलं काहीतरी एक. कुरुंद्याच्या बौद्धवाड्यातली माझी पुतणी यंदा तिथं येऊन थांबलीय. तिला शेती-बाजाराचं वार्तांकन करायचंय. वाड्यातली शिकलेली पोरं म्हणतात, ते आपलं काम न्हाई. तू अन्याय-अत्याचाराच्या बातम्या घे, समाजाचं ऋण हाय. बाप म्हणतो, जाहिरात घे, पगार बरा.

बापाचं म्हणणं पोटाचं आहे. त्याला मी हसणार नाही. पोरांना मात्र विचारतो : सवर्णाच्या पोरानं क्रिकेट निवडलं तर त्याच्याकडं कुणी ऋण मागतं का? मग आमच्याच पोरीच्या आवडीवर पहारा का?

ऋण मी नाकारत नाही. १९२० साली बाबासाहेबांचं 'मूकनायक' निघालं, तेव्हा 'केसरी'नं त्याची जाहिरात पैसे देऊनही छापली नाही. जाहिरातीच्या टेबलालाही जात होती. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारलं. सुरुवातीच्या बातम्यांत अनैतिक संबंध आले, जात आली नाही. म्हणजे बातमी कोण आणतो एवढंच नाही, मथळा कोण देतो हेही बघावं लागतं. ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलॉन्ड्रीच्या २०१९ च्या पाहणीत १२१ वरिष्ठ पदांपैकी १०६ सवर्णांकडं होती. दलित-आदिवासी एकही नव्हता.

अशा जागी फक्त अत्याचाराची बातमी आमच्या वाट्याला देणं म्हणजे वर्तमानपत्रातही गावाबाहेर महारवाडा वसवणं. अत्याचार लिहिणं सगळ्यांचंच काम आहे. त्यातून बाकीच्यांना आपणच का मोकळं करायचं?

बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. रुपया आपला नाही, असं ते म्हणाले नाहीत. वसमतच्या मोंढ्यात हळदीचा भाव फुटतो, तो छापून येतो. ती हळद काढणाऱ्या, शिजवणाऱ्या बायांची मजुरी त्या बातमीत नसते. त्या बायांत माझी आई होती, पोरीची आजी.

पोरांनो, तिला अडवू नका. तिनं भावाशेजारी मजुरीचा आकडा छापला, तर ते ऋण नाही तर काय फिटलं?