आधी उभे राहा

उभे राहा. सत्ताधारी बाक, विरोधी बाक, सगळेच. आपण स्त्री, पुरुष की तृतीयपंथी, हे माणसाने स्वतः सांगायचे की सरकारी दाखल्याने, हा प्रश्न तुमच्यापुढे होता. तुम्ही तो सोडवला नाहीत. अवघड जातोय असेही कबूल केले नाहीत. वही झाकून बसलात.

15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि सिक्री यांनी निकाल दिला. आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला; त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह बेकायदा; तृतीयपंथी समाजाला मागासवर्ग मानून शिक्षणात, नोकरीत आरक्षण द्या. उत्तर फळ्यावर होते. तुम्हाला ते फक्त नीट उतरवून घ्यायचे होते.

सरकार पक्षातल्यांनो, आधी तुम्ही. 2016च्या विधेयकात ‘पूर्ण स्त्री नाही, पूर्ण पुरुष नाही’ अशी व्याख्या केलीत. माणसात काय नाही तेवढेच मोजलेत! 2019पर्यंत ती व्याख्या, छाननी समिती आणि भीक मागण्याबद्दलची शिक्षा गेली, ती तृतीयपंथी लोक वर्षानुवर्षे भांडले म्हणून. तरी खोड गेली नाही. 2019च्या कायद्याच्या कलम 4मध्ये स्वतःची ओळख सांगण्याचा हक्क दिलात आणि पुढच्याच कलमात त्यासाठी जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज करायला लावलात. स्त्री किंवा पुरुष अशी नोंद हवी, तर कलम 7मध्ये शस्त्रक्रिया आलीच. स्त्रीवर बलात्कार केला तर किमान दहा वर्षे. तृतीयपंथी व्यक्तीवरच्या लैंगिक अत्याचाराला त्या कायद्यात सहा महिने ते दोन वर्षे ठरवलीत. ही समानता कोणी शिकवली तुम्हाला? आरक्षणाबद्दल तर अक्षर नव्हते.

विरोधकांनो, माना खाली घालू नका, माझ्याकडे बघा. 24 एप्रिल 2015 रोजी राज्यसभेने द्रमुकच्या तिरुची शिवा यांचे खासगी विधेयक एकमताने मंजूर केले. कित्येक दशकांत असे खासगी विधेयक मंजूर झाले नव्हते. ते लोकसभेत अडकून पडले, तेव्हा तुमच्यातल्या किती जणांनी त्याचा पाठपुरावा केला? पुढे 26 नोव्हेंबर 2019 रोजी, संविधान दिनी, राज्यसभेत सरकारी विधेयक प्रवर समितीकडे पाठवण्याचा प्रस्ताव आला. बाजूने 55, विरोधात 74. सभागृह 245 जागांचे! आणखी वीस जणांनी बाजूने मत दिले असते, तर विधेयक पुन्हा तपासले गेले असते. भाषणे पाठ होती, पण हजेरी नव्हती.

काहींच्या मनात शंका असतील. महिलांच्या तुरुंगांचे, वसतिगृहांचे, खेळांचे काय? शंका घेणे हा गुन्हा नाही. पण ती सभागृहात उभे राहून विचारायची असते, ज्यांच्याबद्दल आहे त्यांचे ऐकून घ्यायचे असते. तुम्ही मात्र 5 ऑगस्ट 2019 रोजी, सारा देश काश्मीरकडे बघत असताना, लोकसभेतून विधेयक पार करून मोकळे झालात.

2011च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात 4,87,803 माणसे आहेत. मतांच्या हिशेबात ती थोडी भरतात, म्हणून त्यांच्या तासाला दांडी मारायची? ही सवय मी खपवून घेणार नाही. 2014चा तो निकाल घरी नेऊन पहिल्या पानापासून वाचा. आणि 26 नोव्हेंबरला मत देणाऱ्या 129 जणांत तुम्ही होतात का, ते आत्ता सांगा. मग बसा.