पुंगळीच्या बुडावरचा आकडा

पैसे वाचतात, असं मी सगळ्यांना सांगतो. बायकोला सांगितलंय, ऑफिसात सांगितलंय, पुण्याला बाबांनाही तेच सांगितलं. काडतूस उडवल्यावर रिकामी पितळी पुंगळी उरते, ती टाकून न देता पुन्हा घडवायची, नवी दारू, नवी गोळी भरायची आणि पुन्हा वापरायची. काटकसर म्हटलं की आपल्या माणसाचं तोंड बंद होतं, पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. पण प्रेस, डाय, दारू मोजायचा तराजू, मान कापायचं यंत्र, पुंगळ्या चकचकीत करणारं दुसरं यंत्र आणि या पसाऱ्यापायी पेन्सिल्व्हेनियाच्या थंडीत गॅरेजबाहेर उभी राहणारी गाडी, हा हिशेब मी कधी मांडलाय? नाही मांडला. उत्तर माहीत असलं की माणूस हिशेबाची वही उघडत नाही.

माझ्याकडे एक जुनी जर्मन माउझर रायफल आहे, दुसऱ्या महायुद्धातली करॅबिनर 98के. तिच्या पुंगळीची लांबी 57 मिलिमीटर. अमेरिकी लष्कराच्या जुन्या .30-06 काडतुसाची पुंगळी 63 मिलिमीटर लांब, पण बुडाशी दोन्हींची जाडी जवळजवळ सारखी. हा योगायोग नाही. हे काडतूस वापरणारी 1903 ची स्प्रिंगफील्ड रायफल बनवताना अमेरिकेने माउझरकडून इतकं उचललं होतं की पुढे त्या कंपनीला पेटंटचे पैसे मोजायची वेळ तिच्यावर आली. म्हणून अमेरिकी पुंगळीला वंगण चोळून ती माउझरच्या डायमध्ये दाबली की मानेखालचा उतरता खांदा मागे सरकतो. वर लांबलचक मान उरते, ती कापायची, कड आतून-बाहेरून साफ करायची, लांबी कॅलिपरवर बघायची. वंगण जास्त झालं तर खांद्यावर खळगे पडतात. कमी झालं तर पुंगळी डायमध्ये अशी रुतून बसते की काढताना घाम फुटतो.

खरी मेख मानेत आहे. ही नवी मान जुन्या पुंगळीच्या अंगातून तयार होते, म्हणून ती जाड भरते. जाडी मोजली नाही आणि मान चेंबरमध्ये घट्ट बसली, तर गोळी सोडायला तिला फुलायची जागाच राहत नाही आणि दाब भलताच चढतो. गोष्ट आपल्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर घडणार असते. हे मी नेमबाजी क्लबातल्या नवख्यांना दटावून सांगतो. प्रत्येक पुंगळी मोजा, एकही सोडू नका. आणि स्वतः? सुरुवातीला मन लावून मोजतो. मग हात सरावतो, बाहेर अंधार पडायला लागतो आणि आतून कोणीतरी म्हणतं, सगळ्या एकाच लॉटच्या तर आहेत. मोजणं मी सोडत नाही, पण मोजताना आकड्याकडे बघतोच असं नाही. कॅलिपर लावतो आणि उचलतो. हे न मोजण्यापेक्षा वाईट नाही का? न मोजणाऱ्याला निदान आपण मोजलं नाही हे ठाऊक असतं.

रेंजवरचं सांगायला जास्त लाज वाटते. तिथला साधा रिवाज असा, की ज्याने काडतूस उडवलं त्याची पुंगळी. तो सोडून गेला तर मग कोणाचीही. माझं लक्ष निशाण्याइतकंच शेजारच्या माणसाकडे असतं. हा उचलणार की सोडून जाणार? .30-06 घेऊन कोणी म्हातारा आला की मी गप्पा जास्त आपुलकीने मारतो. पगार बरा आहे, घराचं कर्ज फिटत आलंय, आणि तरी एका माणसाच्या पायाशी पडलेल्या चार पितळी नळ्यांवर डोळा ठेवून मी त्याच्या नातवंडांची चौकशी करतो. चौकशी खोटी असते असंही नाही. पण नुसती चौकशीही नसते.

मग हे सगळं कशासाठी? बाबांनी फोनवर हेच विचारलं.

"तिकडे विकत मिळत नाहीत का रे?"

"मिळतात."

"मग?"

त्यांना काटकसरीचं उत्तर दिलं. दुसरंही एक तयार होतं, आणि ते अगदी खरं आहे. 1888 सालच्या जर्मन रायफलींची नळी किंचित अरुंद होती. तशी एखादी अजून कोणाकडे असेल, म्हणून अमेरिकी कारखाने या काडतुसात दारू हात राखून भरतात. घरी भरलं तर ते हवं तसं भरता येतं. पण बाबांना मी कोणाला हे समजावणार होतो? त्यांची सगळी नोकरी खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत गेली. 1869 पासूनचा तो कारखाना. तिथल्या कामाचं कौतुक त्यांनी घरी कधी केलं नाही आणि खंतही कधी बोलून दाखवली नाही. पाळी, ओव्हरटाइम, फंड, बस. पोट भरण्यासाठी वडिलांनी जे जन्मभर केलं ते मुलगा पदरचे पैसे घालून शनिवार-रविवारी करतो, हे त्यांना कसं दिसत असेल? आणि खडकीत मी हे गॅरेजातलं काम परवान्याशिवाय केलं असतं, तर 1959 च्या शस्त्र कायद्याखाली आत गेलो असतो. इथे स्वतःपुरतं करायला परवाना लागत नाही, विकायचं असेल तरच लागतो. कायद्याने मुभा दिली म्हणून प्रश्न मिटतो का? माझा तरी बरीच वर्षं मिटला होता. प्रश्न मिटवायला कायद्यासारखी सोय नाही.

मी शिकार करत नाही. कागदावर नेम धरतो. हे वाक्य मी फार पटकन बोलतो, समोरच्याने विचारायच्या आधीच.

माणगावात यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. कोकणात जाता-येता तो पाहत मी मोठा झालो. नाईक घाडगे, मराठा लाइट इन्फंट्री, वय 22. 10 जुलै 1944 रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे मशीनगनच्या माऱ्यात मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच त्या ठाण्यावर धावून गेले. ग्रेनेड टाकला, मॅगझिन बदलायला सवड नव्हती म्हणून हातातली बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिने झोडपून मारलं. मग दडून बसलेल्या जर्मन नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या, आणि जिंकलेल्या ठाण्यातच ते गेले. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. जर्मन नेमबाजांच्या हाती त्या काळात मुख्यतः माझ्याकडे आहे तीच माउझर असायची, हेच काडतूस.

रायफल विकत घेताना मला घाडगे आठवले का? नाही. आठवले असते तर घेतली नसती का? खरं सांगायचं तर घेतली असती. फार तर क्लबात सांगायला एक गोष्ट मिळाली असती. ही कबुली मला बोचते, कारण इतकी वर्षं मी समजत होतो की माझं लक्ष फक्त कारागिरीवर आहे. मिलिमीटरचा शंभरावा भाग, दारूचा एकेक कण, खांद्याचा कोन. इतकं बारीक बघणारा माणूस बेफिकीर कसा असेल? पण बारीक बघायला लागलं की मोठं दिसेनासं होतं, आणि ते दिसू नये म्हणूनच तर मी बारीक बघत नसेन? पुंगळीच्या तोंडाची कड साफ करताना ती वस्तू कशासाठी बनली हे एकदाही मनात येत नाही. यायला हवं की नको, हे मला ठरवता आलेलं नाही. प्रत्येक वेळी आलं तर काम होणार नाही. कधीच आलं नाही तर मात्र काहीतरी चुकतंय.

पितळाचा एक किस्सा इथे सांगावासा वाटतो. पुंगळीचं पितळ म्हणजे 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळाभर काडतुसं घोड्यांच्या तबेल्यांत ठेवायचे. पावसाळा संपला की काही पुंगळ्यांना नुसत्या पडल्यापडल्या चिरा गेलेल्या दिसायच्या. ना कोणी उडवल्या, ना आपटल्या. 1921 मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी कारण उलगडून दाखवलं. पुंगळी थंडच ओढून, दाबून घडवतात, तो ताण धातूच्या आत राहून जातो. घोड्यांच्या मुतातला अमोनिया हवेत होताच, दमट हवेत त्याने ताणलेल्या जागीच पितळ फोडलं. उपाय साधा, घडवून झाल्यावर पितळ तापवून आतला ताण घालवायचा. आपल्या पुण्याच्या कसब्यातले तांबट हंडा ठोकताना मधूनमधून भट्टीत घालतात तसंच. ठोकून धातू ताठरतो, तापवल्यावर पुन्हा ऐकतो.

पुंगळीची फक्त मान आणि खांदा तापवायचा. बूड मऊ पडता कामा नये, कारण दाब तेच पेलतं. मान ज्योतीत फिरवली की पितळावर निळसर-तपकिरी सावली उतरते. लष्करी पुंगळीवर हा डाग तसाच ठेवतात, तपासणाऱ्याला दिसावं की तापवायचं काम झालंय. बाजारात विकायच्या पुंगळ्यांवरून तो घासून काढतात, कारण गिऱ्हाइकाला चकाकी लागते. मीही घासून काढतो. अक्रोडाच्या कवचाच्या भुशात तासन् तास फिरवून. माझं गिऱ्हाईक कोण? कोणीच नाही. तरी मला त्या सोन्यासारख्या रांगेत उभ्या दिसायला हव्यात.

आणि सगळ्यात शेवटी बूड. पुंगळी कापा, दाबा, तापवा, बुडावर ठोकलेला .30-06 हा आकडा काही जात नाही. काडतूस माउझरचं, नाव मूळच्या अमेरिकी पुंगळीचं. मला फरक कळतो, खांदा बघूनच कळतो. पण मी नसताना? माउझरची आठ मिलिमीटरची गोळी .30-06 च्या अरुंद नळीत गेली तर रायफल हातात फुटू शकते. म्हणून खोक्यावर लिहायचं असतं की आत काय आहे, कोणत्या रायफलीचं आहे, कधी भरलं. हा या कामाचा पहिला नियम. आणि मी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा भक्त, चिठ्ठी उद्या लावू म्हणतो. लिहायला मिनिटसुद्धा लागत नाही. पण त्यात कौशल्य नाही, चकाकी नाही, क्लबात सांगण्यासारखं काही नाही. ते फक्त दुसऱ्या कोणासाठी आहे. माझ्या कामातलं तेवढंच एक दुसऱ्यासाठी आहे, आणि नेमकं तेच मागे राहतं. यात सगळं आलं, असं मला आता वाटतं.

छंद मी सोडणार नाही. सोडतो असं लिहिलं असतं तर हा लेख जास्त शोभला असता. पण काटकसरीचं कारण यापुढे देणार नाही. बाबांना फोन करून सांगितलं की पैसे वाचत नाहीत, उलट जातात, मला आवडतं म्हणून करतो. ते म्हणाले, "ते माहीतच होतं." मग त्यांनी विचारलं की दारू कुलपात असते ना, नातवाचा हात पोचत नाही ना. जन्मभर त्या कारखान्यात काढलेल्या माणसाला माझ्या कारागिरीबद्दल एवढंच विचारायचं होतं.

कुलूप आहे. चिठ्ठ्या त्याच रात्री लावल्या, जाड मार्करने, इंग्रजीत आणि मराठीतही. तुमच्यापैकी कोणाच्या घरी परवान्याची बंदूक असेल, आजोबांच्या वेळची काडतुसं कपाटात पडून असतील, तर त्यांचा माहितगार माणूस हयात आहे तोवर त्याच्याकडून खोक्यांवर लिहून घ्या.