रक्ताचा कागद आणि कर्माचा हिशेब

आजार हे कोणत्या पापाचे फळ, हा प्रश्न आपल्या घरांतून अजून गेलेला नाही. देव्हारे गेले, गंडेदोरे तुटले, भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर आली. पण पोटचे पोर वरचेवर तापाने फणफणू लागले, त्याचे सांधे ठणकू लागले, डोळे पिवळे पडले, की घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून 'कोणत्या जन्मीचे भोग' हे शब्द निघून जातात. मी कोणत्या दुखण्याविषयी बोलतो आहे, हे विदर्भातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. सिकलसेल.

या दुखण्याचे मूळ आज नेमके ठाऊक आहे. माणसाच्या शरीराची घडण सुमारे तीनशे कोटी अक्षरांच्या एका मजकुरात लिहिलेली असते, असे समजा. त्याची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. रक्तातले हिमोग्लोबिन कसे घडवावे याची जी कृती त्यात आहे, तिच्यात फक्त एक अक्षर बदलले की तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडताच गोल न राहता विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि पोर कळवळते. हे हिमोग्लोबिनच निराळे आहे हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवले. तीनशे कोटींतले एक अक्षर! त्याला जात नाही, पाप नाही, पुण्य नाही.

दोन्ही प्रतींत ते अक्षर बदललेले असेल तर माणूस 'एस.एस.', म्हणजे रुग्ण. एकाच प्रतीत असेल तर 'ए.एस.', म्हणजे वाहक. त्याला सहसा काही होत नाही. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारांत एक, वाहक होण्याची चारांत दोन, आणि अगदी निर्दोष असण्याची चारांत एक. पुष्कळांचा समज असा की चार मुले झाली तर त्यांतले एकच आजारी निघेल. तसे नाही. दोन नाणी पुन्हा पुन्हा उडवून मी हे वर्गात दाखवतो. मागच्या वेळी काय पडले होते ते नाण्यांना आठवत नाही. एका घरात तिन्ही मुले रुग्ण असू शकतात, शेजारच्या घरात एकही नसेल.

आता कर्माकडे येऊ. मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाने भगवंतांना विचारले होते की, माणूस जे सुखदुःख भोगतो ते सगळे पूर्वकर्माचेच असते काय? भगवंतांनी पित्त, कफ, वात, त्यांचा संयोग, ऋतुबदल, शरीराची हेळसांड, बाहेरचा आघात अशी कारणे एकेक करून मोजली. कर्मविपाक त्या यादीत आहे, पण यादीच्या शेवटी, अनेकांतला एक म्हणून. सगळे पूर्वकर्मानेच घडते म्हणणारे लोक स्वतःच्या अनुभवाला आणि जगाला ठाऊक असलेल्या गोष्टींना सोडून बोलतात, असा भगवंतांचा निर्वाळा आहे. बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हाच प्रश्न आनुवंशाच्या शास्त्रापुढे ठेवला. मूल आईबापांचे गुणधर्म घेऊन येते असे शास्त्र सांगते. जुना कर्मसिद्धांत मात्र मुलाला त्याच्याच मागल्या जन्माचा वारस ठरवतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील? पॅथॉलॉजीचा कागद हातात आल्यावर हा प्रश्न पुस्तकात राहत नाही, आपल्या ओसरीवर येऊन बसतो.

आणि ओसरीवर न्याय कसा होतो? एका आईने मला सांगितले की मुलाचा रिपोर्ट आला त्या दिवसापासून सासू तिच्या हातचे पाणी घेईना. तूच हे रक्त आणलेस, म्हणे. मुलगा एस.एस. आहे, म्हणजे एक अक्षर आईकडून आणि एक बापाकडून आलेले आहे. बापाला ते त्याच्या आईकडून किंवा वडिलांकडून आले. सासूबाईंनी हा हिशेब नीट मांडला तर तो त्यांच्याच उंबऱ्यापाशी येऊन थांबायचा! पण तिथेही दोष कोणाचा नाहीच. पूर्वी अपशकुनी पाय सुनेचा असे, आता रक्त सुनेचे झाले. कागद शास्त्राचा आणि वाचन मात्र मनूचे.

हे रक्त आपल्यातच का, असेही विचारले जाते. पहिली गोष्ट, ते आपल्यातच नाही. भारतात ते प्रथम १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत आढळले. आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्ये, तुर्कस्तानात ते आहे. आपल्याकडे गोंड, परधान, कुणबी, तेली यांच्यातही आहे. ज्या मुलुखात हिवताप माजलेला होता तिथे ते टिकले, कारण वाहक माणूस जीवघेण्या हिवतापातून जास्त वाचतो. हे ॲलिसन यांनी १९५४ साली दाखवून दिले. आपल्या जंगलकाठच्या पूर्वजांना याच अक्षराने जगवले असणार. मग ते पिढ्यान्‌पिढ्या त्याच त्याच घरांत का घोटाळत राहिले? याचे उत्तर बेटीबंदीत आहे. जातीचा प्राण जातीअंतर्गत विवाहात आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात सांगितले, तेव्हा रक्ताची ही परीक्षा अस्तित्वातही नव्हती. २०१७ साली भारतातील अडीचशेंहून अधिक समूहांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ८१ समूहांत बेटीबंदीचा हा ठसा फार खोल आढळला. आंध्रातील वैश्य समाजात शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देताना वापरायचे एक औषध काही जणांना सोसत नाही, तेही याच कारणाने. उच्चनीचतेचा त्यात काही संबंध नाही.

तरीही या कागदाची भीती बाळगण्यासारखे कारण आहे. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत काळ्या लोकांची सिकलसेल तपासणी मोठ्या प्रमाणावर झाली. प्रथम ब्लॅक पँथर पक्षाच्या कार्यकर्त्यांनी ती मोफत सुरू केली, पुढे सरकारने १९७२ साली कायदा केला. हेतू चांगला होता. पण वाहक आणि रुग्ण यांतला फरक लोकांना कोणी नीट समजावला नाही, आणि धडधाकट वाहकांना नोकऱ्या नाकारल्या गेल्या, विम्याचे हप्ते वाढले. हवाईदलाच्या अकादमीचे दार त्यांना १९८१ पर्यंत बंद होते. जनुकावरून नोकरीत किंवा आरोग्यविम्यात भेदभाव करू नये असा कायदा तिथे २००८ साली झाला. आपल्याकडे असा खास कायदा नाही, आणि आपल्याकडे तर जन्मावरून माणूस तोलण्याचा सराव अमेरिकेहून जुना आहे.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार हटवायचा, असा तिचा संकल्प आहे. तपासणी प्रत्येकाने करून घ्यावी, यात मला शंका वाटत नाही. लग्नाआधी दोन्ही बाजूंनी कागद पाहावा, हेही योग्यच. पण आपण पत्रिका जुळवणे सोडले ते काय दुसरी पत्रिका आणण्यासाठी? वाहक मुलीचे लग्न निर्दोष मुलाशी झाले तर एकही मूल रुग्ण होत नाही. तरी 'ए.एस. आहे' एवढे कळताच मुलीचे स्थळ मोडते, म्हणून मायबाप कागद लपवतात, आणि लपवल्यामुळे दोन वाहक नकळत एकत्र येतात. माझे स्पष्ट मत आहे की बोलणीला बसताना मुलाकडच्यांनी आपला कागद आधी पुढे ठेवावा, म्हणजे मुलीच्या बापाला धीर येईल.

दोन वाहकांचे लग्न होऊन गेले असेल तर गरोदरपणाच्या दहाव्या-बाराव्या आठवड्यात गर्भाची परीक्षा होऊ शकते. १९९४ चा कायदा लिंग पाहायला बंदी करतो, या आजारासाठी मात्र परीक्षेची मुभा देतो. पुढे काय करायचे? पहिले शील डोळ्यांसमोर येते आणि मनुष्य अडखळतो, अडखळावेच. पण शील मी स्वतः ग्रहण करतो, ते दुसरीच्या अंगावर फेकण्यासाठी नसते. रुग्ण मुलाला रात्रभर मांडीवर घेऊन बसलेल्या आईला काय करावे ते मी सांगणार नाही. एस.एस. असून शिकलेली, नोकरी करणारी, संसार करणारी माणसे आहेत, हे मात्र तिला कोणीतरी सांगायला हवे, आणि परीक्षा करण्यापूर्वी सांगायला हवे.

आता तर जनुकाची दुरुस्तीही होऊ लागली आहे. २०२३ च्या अखेरीस इंग्लंडने आणि अमेरिकेने त्या उपचाराला मान्यता दिली. रुग्णाच्याच मूळ पेशी काढून त्यांत असा बदल करतात की गर्भात असताना चालणारे हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते. अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर, म्हणजे अठरा कोटींहून अधिक रुपये ठेवण्यात आली. दिल्लीतील सी.एस.आय.आर.च्या जीनोमिक्स संस्थेतले शास्त्रज्ञ स्वस्त देशी उपचाराच्या खटपटीत आहेत. तो आपल्या गावापर्यंत येईल तेव्हा येईल. तोपर्यंत सरकारी दवाखान्यात हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिड यांच्या गोळ्या मिळतात. त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, मध्येच बंद न करता द्याव्या. अंगाला थंडी लागू देऊ नये, ताप आला तर घरी वाट पाहू नये. आणि माझ्या शिक्षकबंधूंना एवढेच, की या मुलांना पाणी सतत प्यावे लागते आणि लघवी वरचेवर लागते, तेव्हा पाण्याची बाटली बाकावर राहू द्यावी आणि हात वर केला की कारण न विचारता जाऊ द्यावे.