छाटणीचे ऋण

वाढत्या रोपाचा शेंडा खुडणे ही हिंसा की संगोपन, हा प्रश्न भारतीय धर्मचिंतनाने गंभीरपणे विचारला. परंतु छाटणीचे जे बारकावे शेतकऱ्याला ठाऊक असतात, त्यांची दखल त्या चिंतनाने क्वचितच घेतली. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात, समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेल्या अंकुशनगरच्या परिसरात शिवारात ऊस आणि मोसंबी, तर दारात तुळशीवृंदावन आढळते. या तिन्ही ठिकाणी माणूस वनस्पतीची वाढ मध्येच अडवतो, मात्र त्या अडवण्याचा नैतिक अर्थ तिन्ही ठिकाणी सारखा नाही.

उसाच्या बेण्यातून सर्वांत आधी जोमाने वर येणाऱ्या कोंबाला जेठा कोंब म्हणतात, आणि फुटवे कमी दिसले की लागणीनंतर दीड-दोन महिन्यांनी तो काढून टाकतात. शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन हे संप्रेरक, म्हणजे वाढीचे नियमन करणारे द्रव्य, खाली उतरून बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवते. शेंडा गेला की तो दाब उठतो आणि दबलेले डोळे फुटतात. तुरीचा शेंडा याच कारणाने खुडतात. तुळशीच्या मंजिऱ्या खुडण्यामागचे कारण थोडे वेगळे आहे: बी धरू लागले की रोपाचा जोम बियांकडे वळतो, पाने बारीक होतात आणि रोप लवकर म्हातारे होते. हे घरोघरी माहीत असूनही तुळस द्वादशीला तोडू नये, सूर्यास्तानंतर तिला हात लावू नये, नख लावू नये आणि तोडण्यापूर्वी तिची क्षमा मागावी, असे नियम पाळले जातात. खुडणे सर्वस्वी निर्दोष मानले असते तर क्षमेची गरज नव्हती आणि सर्वस्वी पाप मानले असते तर ते कधीच करता आले नसते. आचाराने येथे जी मधली जागा राखून ठेवली आहे, ती अनेक ग्रंथकारांच्या सिद्धान्तांपेक्षा अधिक प्रामाणिक आहे.

ग्रंथांतही वनस्पतीला जड मानून हा प्रश्न निकालात काढलेला नाही. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात वृक्षवेलींना अंतःसंज्ञ, म्हणजे आत जाणीव असलेले आणि सुखदुःखाने युक्त, म्हटले आहे. महाभारताच्या शांतिपर्वात भृगू भरद्वाजाला सांगतात की उष्णतेने पान कोमेजते, वेल आधाराची वाट शोधते, मुळे पाणी पितात आणि तोडलेली फांदी पुन्हा फुटते, म्हणून वृक्षांत जीव आहे. जैन विचार याहून काटेकोर आहे. त्यात वनस्पती एकेंद्रिय, म्हणजे केवळ स्पर्शाचे इंद्रिय असलेला जीव ठरते, आणि हिंसेचे संकल्पी (मुद्दाम केलेली), आरंभी (घरकामात घडणारी), उद्योगी (उपजीविकेत घडणारी) व विरोधी (संरक्षणासाठी केलेली) असे चार प्रकार मानून गृहस्थाला पहिल्या प्रकाराचा पूर्ण त्याग सांगितला जातो. लेश्या, म्हणजे मनोवृत्तीच्या छटा, समजावणाऱ्या प्रसिद्ध जैन दृष्टान्तात सहा भुकेले पुरुष जांभळाच्या झाडाखाली येतात. एकाला झाड मुळासकट उपटायचे असते, पुढच्यांची इच्छा खोड, फांदी, डहाळी आणि फळ अशी उतरत जाते, आणि शेवटचा गळून पडलेल्या फळांवर समाधान मानतो. हिंसेला पायऱ्या असतात हा या दृष्टान्ताचा लाभ खरा, तरी त्यातले सहाही जण झाडाखाली फक्त घ्यायला आलेले आहेत. त्या झाडाला पाणी घालणारा माणूस त्यात कोठेच नाही.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायातील अहिंसेचे विवेचन या उणिवेच्या जवळ जाते. यज्ञासाठी हिंसा करून तिला अहिंसा म्हणणाऱ्यांची गत तेथे फांद्या तोडून झाडाच्याच बुडाला कुंपण करणाऱ्यासारखी दाखवली आहे, आणि एका जीवासाठी दुसऱ्याची मुळे खणणाऱ्या, साल सोलणाऱ्या वैद्यकाचीही त्यातून सुटका नाही. हेतू चांगला असला की कृती शुद्ध होते हे सोयीचे समर्थन या विवेचनासमोर टिकत नाही, आणि छाटणी झाडाच्या भल्यासाठीच असते असे म्हणणाऱ्या बागायतदाराचेही टिकू नये. कारण जेठा कोंब काढल्याने भले होते ते प्रथम टनाचे आणि मग, झालेच तर, उसाचे.

म्हणून छाटणीकडे हिंसा किंवा सेवा या दोन टोकांऐवजी ऋण म्हणून पाहणे अधिक योग्य ठरते. वैदिक परंपरेत माणूस देव, ऋषी आणि पितर यांचे ऋण घेऊनच जन्मतो. येथील ऋण मात्र त्याने स्वतःच्या हाताने काढलेले असते, आणि ते फेडण्याची पद्धत मोसंबीच्या बागेत स्पष्ट दिसते. 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या जालन्याच्या मोसंबीचा आंबे बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत येणारा फुलोरा, धरायचा तर आधी बागेचे पाणी तोडून तिला ताण देतात. पाने फिकी पडून काही गळू लागली की ताण तोडतात, म्हणजे शेणखत व रासायनिक खत घालून प्रथम हलके पाणी देतात, आणि नत्राची उरलेली निम्मी मात्रा फळे धरल्यावर देतात. वाळलेल्या फांद्या, म्हणजे सल, आणि पानसोट, म्हणजे फळ न देणारे जोमदार फुटवे, काढल्यावर जखमेला एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी या प्रमाणात केलेली बोर्डोपेस्ट लावतात. उपाशी ठेवणारा, कापणारा, भरवणारा आणि जखम बांधणारा हात येथे एकच आहे.

नवख्या माणसाची चूक बहुधा कापण्यापेक्षा भरवण्यात अधिक होते. मुळांभोवती खताचे क्षार वाढले की पाणी मुळात शिरण्याऐवजी बाहेर ओढले जाते, पानांच्या कडा करपतात, आणि तो करपा उपासमारीचा समजून माणूस आणखी खत घालतो. ही दया नव्हे, स्वतःची काळजी शमवण्यासाठी दुसऱ्याला वापरणे होय. दर आठवड्याला कात्री चालवणाराही रोपाला सावरायला उसंत देत नाही.

ऋणाच्या या कसोटीवर गांज्याचे झाड तपासण्यासारखे आहे, कारण बंद खोलीत कृत्रिम प्रकाशाखाली ते पोसणे आणि छाटणे याला आता जगभर हौशी कलेचे रूप आले आहे. ही कला मुळात नवी नाही: 1893-94 च्या भारतीय भांग-गांजा आयोगाने बंगालमधील नौगाव भागाच्या लागवडीची नोंद केली, तेथे पारखी माणसे नर झाडे ओळखून उपटत, जेणेकरून मादी फुले बीजाविना राहून राळेने भरावीत. तुळशीची मंजिरी खुडणे आणि मादी गांज्याला बी धरू न देणे या कृती दिसायला जवळच्या आहेत. परंतु पहिलीने तुळस अधिक जगते, तर दुसरीत ते वर्षायू झाड राळ भरताच कापले जाते आणि ऋण फेडायला कोणी उरत नाही. धान्याचे पीकही कापलेच जाते हा आक्षेप रास्त आहे, पण धान्यातून पुढची पेरणी होते आणि कोणाची तरी भूक भागते. नशेला ते समर्थन मिळत नाही, आणि महाशिवरात्रीला शिवाच्या नावाने होणारे सेवनही त्यात भर घालत नाही. भारतात 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्याने परवान्याविना गांज्याची लागवड हा गुन्हा ठरवला आहे, मग ती शेतात असो वा कुंडीत.

ऋणाचा हा विचार मोसंबीवाल्यालाही सोडत नाही. 2012-13 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. तो ताण माणसाने दिलेला नव्हता आणि तो तोडायला पाणीही नव्हते. हातातला ताण मात्र माणूस स्वतः देतो, तेव्हा विहिरीत तो तोडण्यापुरते पाणी नसेल तर त्या वर्षी बहार धरू नये.