शाळेतील प्रार्थना आणि शासनाचे मौन

शाळेचा दिवस प्रार्थनेने सुरू व्हावा, यात काही वावगे असेल असे आम्हां मराठी माणसांस सहसा वाटत नाही. हात जोडून रांगेत उभी राहिलेली मुले हे चित्र आमच्या मनात शाळेच्या कल्पनेशीच एकजीव झालेले आहे. म्हणूनच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली सरकारी शाळांतील एक प्रार्थना घटनाबाह्य ठरविली, ही हकीकत प्रथम ऐकणाऱ्यास त्या न्यायाधीशांविषयी किंचित रोष वाटला तर नवल नाही. तो रोष रास्त आहे काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

ती प्रार्थना होती तरी कशी? न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षणमंडळाने ती रचली होती. इंग्रजीत तिचे शब्द अवघे २२. सर्वशक्तिमान ईश्वरावरील आपले अवलंबन मान्य करावे आणि आपणांवर, आई-वडिलांवर, शिक्षकांवर व देशावर त्याची कृपा मागावी, एवढाच तिचा आशय. तीत ख्रिस्ताचे नाव नव्हते, कोणत्याही पंथाचा उल्लेख नव्हता. ज्यास ती म्हणावयाची नसेल त्याने गप्प राहावे किंवा वर्गाबाहेर जावे, अशीही मुभा होती. तरीसुद्धा ‘एंगेल विरुद्ध व्हिटाले’ या खटल्यात सहा विरुद्ध एक अशा मताने ती नाकारली गेली. पुढच्याच वर्षी, पेनसिल्व्हेनियातील शाळांत रोज बायबलातील दहा वचने वाचण्याचा दंडकही त्याच न्यायालयाने रद्द केला.

हे सारे धर्मद्वेषातून घडले, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. परंतु इतिहास निराळे सांगतो. अमेरिकेच्या घटनेच्या पहिल्या दुरुस्तीत, १७९१ साली, दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत : शासनाने धर्माची प्रस्थापना करू नये आणि कोणाच्या धर्माचरणास प्रतिबंधही करू नये. जेफर्सनने १८०२ साली या तरतुदीस चर्च व शासन यांमधील भिंतीची उपमा दिली, ती कनेक्टिकटमधील बॅप्टिस्ट मंडळींना लिहिलेल्या पत्रात. ही मंडळी नास्तिक नव्हती. दुसऱ्या पंथाला राजमान्यता असलेल्या राज्यात राहणारी ती भाविक माणसे होती. पुढे १८४४ साली फिलाडेल्फियात, शाळेत वाचावयाचे बायबल प्रॉटेस्टंटांचे की कॅथलिकांचे, या वादाने भडकलेल्या वैरातून दंगली उसळल्या. माणसे मेली, कॅथलिक चर्चे जळाली. भिंतीची गरज प्रथम भाविकांनाच भासते, ती अशी.

पण मुभा होती ना? येथेच या प्रश्नाचे मर्म आहे. सभेतून उठून जाणारा प्रौढ आपले मत प्रकट करतो. वर्गातून उठून जाणारे मूल केवळ एकटे पडते. शाळेत येणे त्यास कायद्याने बंधनकारक, शिक्षकाचा शब्द त्यास प्रमाण, आणि सोबत्यांनी आपणांस आपल्यातला मानावे ही त्याची सर्वांत मोठी आकांक्षा. दाराबाहेर उभ्या राहिलेल्या त्या मुलास कोणी मारीत नाही, कोणी बोलतही नाही. पण आपण या घरचे नव्हे, हा धडा ते रोज सकाळी शिकते. ज्या सवलतीची एवढी किंमत बालकास मोजावी लागते, तीस स्वातंत्र्य म्हणणे आम्हांस धजवत नाही.

याच न्यायाची दुसरी बाजूही आहे. ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथाची मुले ध्वजास वंदन करीत नाहीत. त्यांच्या श्रद्धेनुसार तसे वंदन ईश्वरासच करावयाचे. १९४० साली अमेरिकेच्या न्यायालयाने वंदनाची सक्ती ग्राह्य धरली. परंतु तीनच वर्षांनी, महायुद्ध ऐन भरात असता, त्याने आपलाच निर्णय फिरविला. आपल्याकडे केरळात १९८५ साली याच पंथाच्या तीन भावंडांना शाळेतून काढून टाकण्यात आले. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, मात्र गात नसत. १९८६ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा शाळेत घेण्याचा आदेश दिला, आणि त्या निकालात अमेरिकेतील त्या खटल्यांचाही परामर्श घेतला. म्हणजे ज्या तत्त्वाने शासनास प्रार्थना म्हणविण्यापासून रोखले, त्याच तत्त्वाने मुलाच्या श्रद्धेस संरक्षण दिले. शासनाने मौन पाळावयाचे ते व्यक्तीस आपल्या अंतःकरणाचा आवाज ऐकू यावा म्हणून.

मग शाळा धर्मशून्य करावी काय? तसे कोणीच म्हटलेले नाही. १९६३ च्या निकालातच स्पष्ट केले आहे की, बायबलाचा वाङ्मय व इतिहास म्हणून अभ्यास करण्यास प्रत्यवाय नाही. आपल्या घटनेचे २८ वे कलम संपूर्णतः शासकीय खर्चाने चालणाऱ्या शाळांत धार्मिक शिक्षणास मनाई करते. तथापि धर्मांविषयीचा अभ्यास त्या मनाईत येत नाही, असा निर्वाळा आपल्या न्यायालयाने २००२ साली दिला. ज्ञानेश्वर, कबीर किंवा सेंट फ्रान्सिस यांच्याविषयी काहीच न जाणता जे मूल शाळेबाहेर पडेल, ते दरिद्रीच म्हणावे लागेल. आणि परीक्षेला बसण्यापूर्वी मनोमन देवाचे नाव घेणाऱ्या मुलास अडविण्याचा अधिकार तर कोणासच नाही.

सीमारेषा सर्वत्र इतकी ठळक नसते, हेही मान्य केले पाहिजे. वॉशिंग्टन राज्यातील एका सरकारी शाळेचा फुटबॉल-प्रशिक्षक सामना संपल्यावर मैदानाच्या मध्यभागी गुडघे टेकून प्रार्थना करी. २०२२ साली न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती त्याची व्यक्तिगत उपासना मानली. प्रशिक्षकालाही अंतःकरण असते, हे खरे. पण संघात कोणास घ्यावयाचे हे ज्याच्या हाती, त्याच्या शेजारी गुडघे टेकणारा विद्यार्थी कितपत स्वतंत्र असतो, ही अल्पमतातील न्यायमूर्तींची शंका आम्हांस अधिक वजनदार वाटते. अधिकारपदावरील माणसाची भक्तीही, नकळत का होईना, आज्ञा होऊन बसते.

आता आपल्याकडे वळू. २८ व्या कलमात आणखी एक तरतूद आहे : शासनमान्य वा अनुदानित शाळेत कोणासही संमतीवाचून, आणि मूल अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षण घेण्यास वा उपासनेस उपस्थित राहण्यास भाग पाडता येत नाही. मिशनच्या शाळेत आपले मूल घालताना ही तरतूद आम्हांस मोलाची वाटते. सरस्वतीच्या तसबिरीसमोर वर्गातील मुसलमान किंवा ख्रिस्ती मूल अवघडून उभे राहते, तेव्हा मात्र तीच तरतूद आम्हांस आठवत नाही. ती तर आमची संस्कृती, असे आम्ही म्हणतो. पोर्तुगालने १९११ साली चर्च व शासन यांची फारकत केली. तोवर कॅथलिक पंथ हाच तेथील राजधर्म होता. राजधर्माच्या छायेत परका म्हणून वाढणे म्हणजे काय, हे गोमंतकातील हिंदूंना कोणी शिकवावयास नको. बेळगावात वा हैदराबादेत अल्पसंख्य म्हणून राहणाऱ्या मराठी माणसासही, आपली ओळख शाळेच्या दाराबाहेर ठेवण्याचे दुःख अपरिचित नाही.

म्हणून आमची कसोटी साधी आहे. शाळेत एखादी उपासना सर्वांकडून करविण्यापूर्वी, आपले मूल दुसऱ्यांच्या शाळेत एकटे आहे अशी कल्पना करावी. तेथे जे त्याच्यासाठी मागू, तेच येथे दुसऱ्याच्या मुलास द्यावे. देवघर घरी आहे, देऊळ गावात आहे, चर्च व मशीदही आहे. तेथे न मावेल एवढी आमची श्रद्धा मोठी असेल, तर दाराबाहेर उभ्या असलेल्या त्या एका मुलास आत बोलावण्याइतकी तरी ती मोठी असावी.