फट मिटायची वेळ



आज गीतेच्या चौथ्या अध्यायातला सतरावा श्लोक. कर्म, विकर्म, अकर्म हे तिन्ही समजून घ्यावं लागतं, कारण कर्माची गती गहन आहे, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. खरं सांगू? हा श्लोक आला की मी बरेच दिवस पुढे सरकायचो. आज थांबतो.

माझी लेक एप्रिल २०२३ मध्ये झाली. तिच्या डाव्या डोळ्याची बाहुली गोल नाही. खाली ओघळलेली, कुलपाच्या भोकासारखी. डॉक्टर म्हणाले, कोलोबोमा. बारशाला आम्ही गावी, तेरला गेलो. तिथे दहा मिनिटांत कारण सापडलं: ग्रहण! २५ ऑक्टोबर २०२२, दिवाळीतलं सूर्यग्रहण. बायकोला चौथा महिना होता आणि तिने त्या संध्याकाळी भाजी चिरली होती. ती मान खाली घालून ऐकत राहिली. मी शेजारीच बसलो होतो. काही बोललो नाही.

पुण्याला परत आल्यावर मी इंजिनिअर जे करतो तेच केलं. लॉग उघडला. म्हणजे डोळा नेमका कधी, कसा बनतो ते वाचायला लागलो आणि थेट एका माशापाशी पोचलो. झेब्राफिश. आपल्याच देशातल्या ओढ्यांतला, बोटाएवढाही नसलेला पट्टेरी मासा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या आघारकर संस्थेत त्याच्यावर काम चालतं. त्याचं अंडं आईच्या पोटाबाहेर वाढतं, आणि गर्भ काचेसारखा पारदर्शक असतो. त्यामुळे डोळा घडताना चक्क बघता येतो.

मी ते व्हिडिओ रात्र रात्र पाहिलेत. सुरुवातीला डोळ्याची जागा एकच असते, मधोमध. मग ती दुभंगते. साधारण बाराव्या तासाला मेंदूच्याच दोन बाजू फुगून बाहेर येतात. फुगवटा वरच्या कातडीला टेकतो, तिथे कातडीतून भिंग तयार होतं, आणि फुगवटा आत वळून त्याचा पेला होतो. एक दिवस पुरा होईपर्यंत पेला तयार! तेरच्या माणसाला पेला म्हटलं की गोरोबाकाकांचं चाक आठवणारच. पण इथे बाहेरून हात लावणारं कुणी दिसत नाही, मातीच आपण होऊन वळते.

आणि त्या पेल्याला खालून एक फट असते. ती दोष नव्हे. तिच्यातूनच रक्तवाहिन्या आत जातात, तिच्याच वाटेने डोळ्याची नस मेंदूकडे निघते. काम झालं की दोन्ही कडा जवळ येतात आणि शिवण मिटते. माशात हे दीड दिवसानंतर सुरू होतं. तिसऱ्या दिवशी ते पिल्लू सावली पडली की दचकतंसुद्धा. माणसाच्या गर्भात हीच फट सातव्या आठवड्याच्या आसपास मिटते. नाही मिटली, तर कोलोबोमा.

मी तारखा मोजल्या. आमच्या लेकीची फट मिटायची वेळ सप्टेंबरमध्येच उलटली होती. गणपती येऊन गेले होते. ग्रहण लागलं तेव्हा जे व्हायचं ते होऊन महिना झाला होता. (सप्टेंबरमध्ये पितृपक्ष होता, हे मी गावी मुद्दामच सांगितलं नाही.)

मी खुशीत बायकोला हे सगळं दाखवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अहो, म्हणजे आता मी सप्टेंबरमध्ये काय केलं ते शोधायचं का?"

मला उत्तर सुचलं नाही. कारण दुसऱ्या टॅबमध्ये मी तेच शोधत होतो. जीवनसत्त्व अ कमी पडलं का, कुठली गोळी घेतली होती का. गावातल्यांनी ग्रहण धरलं होतं, मी तारीख धरली होती. दोघांनाही आरोपी एकच हवा होता.

काही वेळा जनुकांत बदल सापडतो, पुष्कळदा नेमकं कारण सापडतच नाही. तोच बदल असलेल्या भावंड माशांत एकाची फट मिटते, दुसऱ्याची मिटत नाही. कधी तर एकाच माशाचा एक डोळा नीट आणि दुसरा नाही. गहन हा शब्द मला तिथे पहिल्यांदा कळला. आपण तो उलटा वापरतो. कळत नाही म्हणून थांबायच्या ऐवजी कळत नाही म्हणून कुणाच्या तरी खात्यावर मांडतो, मागच्या जन्माच्या नाहीतर सुनेच्या. आणि भगवंत तर अर्जुनाशी त्याच्या स्वतःच्या कर्माबद्दल बोलतायत. शेजाऱ्याचा हिशेब तपास असं ते कुठे म्हणतात?

गोरोबाकाका नामात दंग होऊन चिखल तुडवत होते आणि त्यांचं लेकरू पायाखाली आलं, ही कथा आमच्याकडे लहानपणापासून ऐकतो. त्या कथेत आईचा राग बापावर आहे. आमच्या बारशात सगळ्यांचा रोख आईवर होता, आणि बाप जिलेबी खात होता.

पुढच्याच श्लोकात भगवंत अकर्मातही कर्म पाहायला सांगतात. त्या दिवशीचं माझं गप्प बसणं कुठल्या रकान्यात जातं, याला मायक्रोस्कोप लागत नाही. तारीख, वेळ, साक्षीदार, सगळं आहे.

लेक आता चित्रं काढते. डोळे काढताना एक बाहुली गोल काढते आणि एक लांबट, आरशात दिसते तशी. चैत्रात गोरोबाकाकांच्या यात्रेला तेरला जायचंय. तीच माणसं असतील, तोच ओटा. यावेळी विषय निघाला तर पहिलं मी बोलायचं, एवढं ठरवलंय. काय बोलायचं ते अजून जुळत नाहीये.